शनिवारी बंद

“ह्याच्यावर कोनाचा इस्वास बसनार नाय,” असं म्हटल्याशिवाय हनोख आवासकरने आयुष्यात एकही गोष्ट सुरू केली नाही, आणि तेवढं एक वाक्य सोडलं तर त्या गोष्टीत दुसरं काही खरं नसायचं. भरतीच्या पाण्यात एक अख्खा कंटेनर तरंगत त्याच्या ओट्याला येऊन लागला आणि आतून कोंबडा आरवला, ही गोष्ट त्याची. आजोबांचा पडलेला दात मिठागरात पुरला तर पुढल्या हंगामात तिथून मिठाचा अख्खा जबडा निघाला, हीही त्याचीच. गावठाणातल्या बायका त्याला विचारायच्या, “हनोखकाका, आज पाऊस येल काय?” आणि तो हो म्हणाला की बिनघोर कपडे वाळत घालायच्या.

अशा माणसाने एकदा एक थाप अगदी गरजेपोटी मारली. ती पचली. आणि पचली म्हणूनच सगळं बुडालं.

द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डांच्या पाठीमागे जेवढं जुनं गावठाण उरलं आहे, तेवढ्यात दोन मशिदी आहेत. एक मुसलमानांची, दुसरी इस्राएलांची. बेने इस्राएल म्हणजे ह्या किनाऱ्यावरचे मराठी ज्यू. ते आपल्या सिनेगॉगला बापजाद्यांपासून मशीदच म्हणत आले. रिक्षावाले विचारतात, “भोंग्याची की बिनभोंग्याची?” बिनभोंग्याच्या मशिदीत सगळ्यांनी मिळून करायच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा शेवटचे कधी जमले, ह्यावर आता वाद घालायलाही दुसरा माणूस नव्हता. घरं एकामागून एक उठून तिकडे इस्राएल देशात, लोदला, दिमोनाला, अश्दोदला गेली होती. मागे राहिला हनोख, आणि सणावारी वाशीहून गाडी घेऊन येणारा ट्रस्टी सॅमसन किहीमकर.

मशिदीला लागून एक खोली होती आणि तिच्या दारावर पाटी होती: ‘इस्राएल मोफत वाचनालय. शनिवारी बंद.’

सगळी रड त्या पाटीत होती. शनिवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी लिहायचं नाही. आणि पुस्तक घरी द्यायचं तर नाव लिहून घ्यावं लागणार. म्हणून शनिवारी बंद. पण आसपासच्या गावांतले इस्राएल लोक होते तोवर मशिदीत यायचे ते शनिवारीच. प्रार्थना करायचे, पाटी वाचायचे आणि परत जायचे. उरलेले सहा दिवस हनोख दार उघडून बसायचा आणि खाडीचा वारा सोडून आत कोणी यायचं नाही.

“तुझं वाचनालय म्हंजे रोज्यातली खानावळ,” मुस्तफा म्हणायचा. मुस्तफा गावातला रद्दीवाला. भोंग्याच्या मशिदीसमोर त्याचं दुकान होतं, आणि हनोखच्या थापा त्याने चड्डीत असल्यापासून ऐकलेल्या होत्या.

आता त्या खोलीत काय नव्हतं? प्रार्थनेची पुस्तकं होती, एका पानावर हिब्रू आणि समोरच्या पानावर मराठी. हिब्रू उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. त्यामुळे काही पुस्तकांना पहिली पानं दोन होती आणि शेवटचं एकही नव्हतं. मोशेच्या जन्माची कीर्तनं होती, ओव्यांत आणि साक्यांत. समाजाच्या मासिकांचे बांधीव गठ्ठे होते. त्यांत कोणाची मुलगी कोणत्या गावी दिली, कोणाचा मुलगा आगबोटीवर चढला, ते छापलेलं होतं. शिवणकाम होतं, कोंबडीपालन होतं, पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा होत्या. हनोखची बायको सिप्पोराबाई वारली तेव्हा तिचं पाककृतीचं पुस्तकही त्याने नंबर घालून फळीवर ठेवलं. नारळाच्या दुधाच्या हलव्याच्या पानावर तिच्या बोटांचे डाग होते.

गावात पोरं होती तोवर रविवारी हनोख त्यांना तिथेच हिब्रू अक्षरं शिकवायचा. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं, मराठीत टांगतात तसं. हिब्रूला अशी रेघ नसते. पण हनोखला त्याच्या बापाने तसंच शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापाने. “वर रेघ नसली तर अक्षर खाली पडंल,” हनोख म्हणायचा. त्याची मुलगी रिबका लग्न होऊन अश्दोदला गेली, तिथे हिब्रूच्या वर्गात बसली, तेव्हा बाईंनी तिची वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, ही अक्षरं दोरीवर वाळत का घातली आहेत? ती रेघ हातातून जायला तिला फार दिवस लागले. एकच शब्द तिला तिकडे जाऊन बदलावा लागला नाही. बापाला ती इथे आबा म्हणायची, आणि तिकडेही बापाला आबाच म्हणतात.

असो. त्या शुक्रवारी सकाळी सॅमसन वाशीहून आला तो डोक्यावर गॉगल चढवूनच वाचनालयात शिरला. माणूस वाईट नव्हता. मशिदीचं छप्पर गळत होतं आणि एका क्लिअरिंग एजंटला ऑफिससाठी ही खोली हवी होती.

“हनोखकाका, टेन्शन घेऊ नका. आपण सगळं नियमाने करू. देवाचं नाव असलेली पुस्तकं जीर्णच झालीत, ती कबरस्तानात पुरू. बाकीची रद्दीत.”

“बाकीची म्हंजे?”

“ही सगळी. मराठी.”

ह्या लोकांचा नियमच तसा आहे. देवाचं चार अक्षरांचं हिब्रू नाव ज्या कागदावर आहे तो फेकायचा नाही, जाळायचा नाही. जीर्ण झाला की माणसासारखा मातीत ठेवायचा. सॅमसनने दोन ढीग केले. उजवीकडे पानं सुटलेली प्रार्थनेची पुस्तकं, गुडघ्याएवढा ढीग. डावीकडे बाकीचं सगळं, छातीएवढा.

“रिबकाकडे पाठवा ना ही,” सॅमसन म्हणाला. त्यालाही ढीग बघून कसंतरी झालं असावं.

“इचारलं. तिची पोरं मराठी बोलतात जेमतेम, वाचनार काय? तिकडं इस्राएल हायेत त्यांना मराठी येत नाय. हिकडं मराठी हाय तर इस्राएल नाय.”

“मग तुम्हीच सांगा, कोणासाठी ठेवायची?”

हनोखने दाराकडे बघितलं, जणू आत्ता कोणीतरी येईल आणि कोंबडीपालन मागेल. कोणी आलं नाही.

मुस्तफा ढीग बघायला आला. त्याने दोन-तीन गठ्ठे हातात तोलले. “उद्या तुमचा शनवार. परवा टेम्पो आनतो,” तो म्हणाला, आणि जाता जाता थांबला. “ह्यात देवाचं नाव नाय ना कुठं? असलं तर आत्ताच सांगा. उर्दू पेपर आला तरी मी आधी बघतो. नावाचा कागद मी वजनात घेत नाय, भाई. त्याच्यात भजी बांधली तर वर जाऊन काय सांगू?”

“नाही, नाही,” सॅमसन म्हणाला. “मी एकेक चाळलंय.”

ते दोघे गेले. हनोख डाव्या ढिगाकडे बघत बसला. छातीएवढा ढीग आणि भज्यांचा द्रोण ह्यांच्यामध्ये फक्त चार अक्षरं उभी होती, आणि ती चार अक्षरं त्याला लिहिता येत होती.

त्याने टेबलावरचं पेन घेतलं. कीर्तनांचं पुस्तक उचललं, मागून उघडलं, कारण देवाच्या बाजूने पुस्तक तिथूनच सुरू होतं, आणि नाव लिहिलं. मग मासिकांचा गठ्ठा, मग शिवणकाम. पहिल्या काही पुस्तकांत त्याने एकेक अक्षर थांबून थांबून लिहिलं. ते नाव तोंडाने कोणी उच्चारत नाही. हातानेही उगाच लिहीत नाहीत. रहस्यकथांपर्यंत आला तेव्हा हात सरावला होता. त्याचा हिशेब साधा होता. फाटकं पुस्तक पुरतात. धडधाकट पुस्तकात देवाचं नाव असलं तर त्याला हात कोण लावेल? ते फळीवरच राहणार. आणि पुस्तकं राहिली की खोली राहणार, आणि खोली राहिली की रिबका फोनवर “आबा, आता तिकडे काय आहे तुमचं?” म्हणाली की त्याला उत्तर राहणार.

यार्डाच्या क्रेनांमागे सूर्य उतरला तेव्हा ढीग अजून कमरेएवढा शिल्लक होता. शब्बाथ शुक्रवारी मावळतीलाच लागतो, तो लागला. हनोखने पेन खाली ठेवलं. ह्याच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे. किनाऱ्यावरच्या इतर तेल्यांचे शनिवारी चालायचे, ह्यांचे बंद असायचे. म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. त्या कुळातला हा माणूस, ज्याने एक ओळ लिहायला लागेल म्हणून आयुष्यभर शनिवारी वाचनालय बंद ठेवलं, आणि बंद ठेवून ठेवून मारलं. तो पेनाकडे बघत राहिला. मग त्याने दिवा लावला आणि पेन पुन्हा उचललं.

सिप्पोराबाईचं पुस्तक सगळ्यात खाली निघालं. त्यातही लिहिलं.

रविवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. सॅमसन आला. हनोख दारात आडवा उभा होता.

“सॅमसन, ह्याच्यावर कोनाचा इस्वास बसनार नाय.”

“काका, आज नको. मला दुपारी ऐरोलीला जायचंय.”

“पुस्तकं उघड. मागून.”

सॅमसनने एक उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्याला त्याने गॉगल डोक्यावरून काढून खिशात घातला.

“हे शुक्रवारी नव्हतं.”

“तूच चाळलं होतंस ना एकेक? आनि मी शनवारभर मशिदीत. चावी माझ्या करगोट्याला. आता मला सांग, हिब्रू अक्षर ह्या गावात दुसऱ्या कोनाला येतं? आनि आपल्यातला कोन माय का लाल शब्बाथला पेन उचलंल?”

सॅमसनने हातातलं पुस्तक पुन्हा उलटून बघितलं. तो स्वतः शनिवारी गाडी चालवायचा, धंद्याचे फोन घ्यायचा, पण हनोखकाका शब्बाथला लिहितील हे त्याच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं. राहता राहिली अक्षरं. ती चार तो बघून ओळखायचा, बाकी लिपी त्याला येत नव्हती. सॅमसन प्रार्थना म्हणायचा ती मराठी लिपीत छापलेल्या हिब्रूवरून. वर रेघ दिसली तर त्याला अक्षर उलट जास्तच बरोबर वाटलं.

मुस्तफाने पुस्तकांकडे बघितलं नाही. त्याने हनोखच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि त्याला ओट्यावर बाजूला घेतलं.

“बोटाला शाई कसली?”

“मतदानाची.”

“मतदान कवा झालं?”

“झालं होतं की.”

मुस्तफाने खिशातून रुमाल काढून त्याला दिला. “पूस. मी काय बघितलं नाय.”

इथपर्यंत सगळं हनोखच्या हिशेबाने चाललं होतं. पण सॅमसनने मुंबईतल्या धर्माचं जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“नाव कोणी लिहिलं?” फोनमधून आवाज आला.

“तेच कळत नाही, अंकल.”

“कोणा माणसाने आपल्या मनाने लिहिलं असेल तर सोपं आहे. तेवढं पान कापा, पान पुरा, बाकी पुस्तक साधंच. माहीत नसेल तर मात्र जोखीम नको. अख्खं पुस्तक पुरा.”

“पुरायचं कशाला?” हनोख फोनवर वाकला. “एकपन फाटलेलं नाय. जितं हाय सगळं. फळीवर राहूद्या.”

“वाचतं कोण?” फोनने विचारलं.

खोलीत तिघे होते. एकाने छपराकडे बघितलं, एकाने टेम्पोकडे.

“न वाचलेलं नाव धूळ खात ठेवायचं, हाही अपमानच की हो,” फोन म्हणाला. “पुरा. आणि नीट पुरा.”

हनोखच्या तोंडाशी आलं, की मीच लिहिलं. मग त्याला कापलेली पानं दिसली, आणि पानांशिवायची पुस्तकं मुस्तफाच्या काट्यावर दिसली, आणि भजी दिसली. त्याने तोंड मिटलं. आता निवडायला दोनच गोष्टी उरल्या होत्या, माती नाहीतर तेल. माती बरी. मातीत निदान आपली माणसं होती.

“मंग माझा टेम्पो?” मुस्तफाने विचारलं.

“लागेल,” सॅमसन म्हणाला. “कबरस्तानापर्यंत. आणि हे बघ, पुढेमागे कळलं की कोणा माणसाचं काम आहे, तर पुस्तकं तुझीच.”

त्याच आठवड्यात रिबका आली. ती आबाला न्यायलाच आली होती. तिकिटं दोन होती, परतीचं एकही नव्हतं. पुस्तकं पुरायची आहेत एवढंच तिला सांगितलं गेलं. फोनवर काय ठरलं ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि हनोखने तर नाहीच.

इस्राएलांचं कबरस्तान खाडीच्या कडेला. भिंतीपलीकडे कंटेनरची सात मजली रास, निळे, तांबडे, गंजके. आगरी गोटीराम खड्डा खणून काठावर बसला होता. त्याच्या बापाने हनोखच्या बापाचा खड्डा खणला होता.

“काका, खाली पानी लागलाय,” तो म्हणाला. “खारा पानी. तुमच्या पुस्तकांचा चिखल व्हईल.”

“मानसांचा पन होतो,” हनोख म्हणाला.

मुस्तफाने टेम्पो उलटा आणून लावला. मागचं फळकं पडलं. सॅमसनने खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि इकडेतिकडे बघितलं. मेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना म्हणावी तर दहा पुरुष हवेत. इथे इस्राएल पुरुष दोन, एक मुसलमान, एक आगरी, आणि रिबका बाईमाणूस.

“काका, तुम्हीच बोला काहीतरी. असंच कसं टाकायचं?”

हनोख खड्ड्याच्या काठाशी आला. खाली पाणी हळूहळू चढत होतं. त्याला प्रार्थना आठवत होती, पण ती एकट्याने म्हणायची नाही. मग त्याला जे एकट्याने येत होतं तेच त्याने सुरू केलं.

“ह्याच्यावर कोनाचा इस्वास बसनार नाय,” तो म्हणाला. “सॅमसन, तुला मी अर्धंच सांगितलं. शनवारी मी मशिदीत होतो ते खरं. पन भिंतीला फट हाय. मधी गलका आयकला. बघतो तर आपला एलियाहू हन्नाबी.”

“प्रेषित?” सॅमसन म्हणाला.

“मंग काय कुरियरवाला? रथ घेऊन आलेला. तिकडं अलिबागकडं सर्गात जाताना खडकावर चाकं उठलीत ना त्याची, तोच रथ. बाहेर ट्रेलरांची लाइन लागलेली. तो बी लाइनीत. मागचा ट्रेलरवाला हॉर्न मारतोय, बाजू घे, बाजू घे. घोडे पांढरे, पन आपल्या रस्त्याची धूळ बसून हे असे, सिमेंटी झालेले.”

गोटीराम हसला. मुस्तफा हसला नाही. तो हनोखकडे बघत होता.

“दाराशी आला. पाटी वाचली. मराठी चांगलं वाचतो. म्हनतो, शनिवारी बंद काय? मी फटीतून म्हनलं, होय, नियम हाय. म्हनतो, मी लांबून आलोय. मी म्हनलं, सगळे लांबूनच यायचे, म्हाराज, आनि सगळे शनवारीच यायचे. मंग तो खाली बसला. दाराला कुलूप, तरी आत बसला. आनि वाचाय लागला. सगळं वाचलं त्यानं. कीर्तनं वाचली. कोनाची पोर कुठं दिली ते वाचलं. कोंबडीपालन वाचताना हसला. एक पुस्तक वाचून झालं की मागं नाव लिवायचा, घेतल्याची खून म्हनून. रजिस्टर बंद होतं ना. एवढ्या वर्षांत एवढाच एक वाचक आला रे, सॅमसन. आनि त्यानं सगळं वाचलं. एक पन सोडलं नाय.”

वारा पडला होता. सॅमसनने डोळे पुसल्यासारखं केलं. गोटीरामने फावड्याचा दांडा दुसऱ्या हातात घेतला. हनोखने मुस्तफाला मान हलवून खूण केली, की घाल आता खाली.

मुस्तफाने पहिला गठ्ठा उचलला. त्याच्याखाली एक बारकं, तेलकट पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. रिबका पुढे झाली.

“हे आईचं. हलव्याचं. हेपण पुरायचं?”

“त्यात बी नाव हाय, पोरी. ठेव.”

“यात कुठे?”

“ठेव म्हनतो ना.”

पण इतकी वर्षं तिकडे राहून रिबकाचा हात आता कुठलंही पुस्तक उजवीकडूनच उघडत होता. ते आपोआप मागून उघडलं. तिने पान बघितलं. आधी तिचे डोळे भरले, मग तिला हसू फुटलं. वर्गात वही उंच धरून उभ्या राहिलेल्या बाई तिला आठवल्या असाव्यात. ते हसू तिने आवरलं नाही, कारण आवरायला हवं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुस्तक तसंच उघडं धरून तिने ते सॅमसनच्या, मुस्तफाच्या, सगळ्यांच्या पुढे केलं.

“आबा,” ती म्हणाली, “एलियाहू हन्नाबीपण वर रेघ ओढूनच लिहितो का?”